खिंडीतली पस्तीस मिनिटं : राजगड–तोरणा वाटेवरच्या उष्माघाताचं प्रकरण

ट्रेकमधल्या अपघाताचं नाव काढलं की डोळ्यांसमोर येतो तो कडा, निसरडी पायरी, पावसाळ्यातला ओढा. इथे तसं काहीच घडलं नाही. चौतिशीतला एक धडधाकट माणूस ओळखीच्या वाटेवर, चौदाजणांच्या गटात, प्यायला पाणी असताना भर दुपारी उष्माघाताने कोसळला. त्या दिवशी गटाच्या मागे चालणारा लीडर मी होतो. त्यामुळे पुढे जे लिहिलं आहे त्यातल्या काही चुका माझ्या आहेत. त्याच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि त्याला नुसतं ‘मित्र’ म्हटलं आहे.

पार्श्वभूमी

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. गट हौशी, वर्षाला आठ-दहा ट्रेक करणारा, फायद्यासाठी न चालणारा. बेत एका दिवसाचा होता. गुंजवण्यातून चोरदरवाज्याने राजगड, संजीवनी माचीवरून आळू दरवाज्याने बाहेर पडायचं, डोंगरधारेने चालत वेल्हे–भुतोंडे रस्त्याची खिंड ओलांडायची, बुधला माचीवरून तोरण्यावर चढायचं आणि वेल्ह्यात उतरायचं. गाडी आम्हाला गुंजवण्यात सोडून वेल्ह्यात जाऊन थांबणार होती.

ही वाट लांब आहे, पण अवघड म्हणून कुणी तिला घाबरत नाही. ऑक्टोबरात ती सुंदरही असते. पाऊस नुकताच गेलेला, धार हिरवीगार, सोनकी फुललेली. डोळ्याला सगळं गार दिसतं आणि तिथेच फसगत होते. मान्सून परतत असतो, आकाश मोकळं झालेलं असतं, जमिनीत मात्र ओल भरपूर. सकाळी नऊनंतर त्या ओलीची वाफ होऊ लागते. धारेवर गवत कमरेच्या वर, कुठे कारवी डोक्याच्या वर. त्यातून वारा अंगाला लागत नाही. घाम येतो पण सुकत नाही, आणि न सुकलेला घाम अंगाला गार करत नाही. एप्रिलचं कोरडं ऊन त्रासदायक खरंच, पण ते दिसतं म्हणून माणूस सावध राहतो. ऑक्टोबरातल्या उन्हाला आम्ही ऊन मानतच नव्हतो.

उंचीवर गार असतं हा समजही अर्धाच खरा. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, पण चालणाऱ्याच्या अंगातली उष्णता फक्त बाहेरून येत नाही. स्नायू काम करताना जेवढी ऊर्जा खर्चतात त्यातली जेमतेम पाव चालण्याच्या कामी येते, बाकीची उष्णता होते. पाठीवर नऊ किलोची सॅक घेऊन चढ चढणारा माणूस स्वतःच एक शेगडी असतो.

मित्र आमच्यातला सगळ्यात तयारीचा गडी. रोज व्यायाम, चढावर नेहमी पुढच्या तिघांत. त्या दिवशीची त्याची स्थिती आम्हाला नंतर, तुकड्यातुकड्यांनी कळली. तीन दिवसांपूर्वी त्याला कणकण आणि सर्दी होती. त्यासाठी सर्दीची गोळी चालू होती. अशा गोळ्यांपैकी काही घाम कमी करतात, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. मुंबईहून रात्रभराच्या प्रवासात झोप झाली ती दीड तास. राजगडाच्या पद्मावती माचीवर सगळ्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली, त्याने मळमळतंय म्हणून चहावर भागवलं. वर अंगात काळा, घट्ट, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट.

यातलं एकही कारण एकटं माणसाला पाडत नाही. आमच्या नोंदणी अर्जात दमा, हृदयविकार, मधुमेह यांची चौकट होती. ‘गेल्या आठवड्यात ताप होता का, सध्या कोणती गोळी चालू आहे’ हा प्रश्न नव्हता.

समस्या कशी उभी राहिली

पावणेपाचला चढायला लागलो, सव्वासातला वर. पावणेनऊला निघून दहाच्या आत आळू दरवाज्याबाहेर. इथवर सगळं ठीक. पुढे गवतात वाट दोनदा चुकली आणि सव्वाअकराला गाठायची खिंड आम्ही बारा वीसला गाठली.

या पट्ट्यात मी मित्राच्या मागे होतो, म्हणजे तो आपली जागा सोडून मागे पडला होता. साडेअकरापासून त्याचं बोलणं थांबलं. एरवी हा माणूस वाटभर गप्पा मारणारा. सपाटीवर तो तीनदा अडखळला. तिसऱ्यांदा मी विचारलं, “काय रे, ठीक ना?” तो म्हणाला, “हो.” पाणी मात्र तो भरपूर पीत होता, तोपर्यंत चार लिटर झालं होतं. त्यामुळे माझ्या डोक्यात हिशोब बसला की पाणी पोटात आहे म्हणजे उन्हाचा प्रश्न नाही, झोप कमी झाल्याने थकला असेल.

हा हिशोब दोन्ही बाजूंनी चुकीचा होता. भरपूर पाणी प्यायलेल्या माणसालाही उष्माघात होतो, कारण अंगात तयार होणारी उष्णता बाहेर पडत नसेल तर पाणी ती थांबवू शकत नाही. आणि तासन् तास घाम गाळत नुसतं साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम खाली जाऊन तिसरंच संकट उभं राहतं. क्षारांची (ओआरएसची) पाकिटं सहा होती, पुढच्या लीडरच्या सॅकमध्ये, तळाशी.

खिंडीतला निर्णय

हे प्रकरण मुळात या पस्तीस मिनिटांचं आहे.

खिंडीत डांबरी रस्ता आहे. दोन्ही गडांमधली ही एकच जागा जिथे गाडी येऊ शकते. त्यानंतर तोरण्याची चढण लागते. ती उघडी, उभी आणि शेवटी बुधल्याखाली शिडी. म्हणजे ट्रेक सोडायचा असेल तर इथेच, पुढे सोय नाही.

मित्र झाडाखाली बसला. बुटाची नाडी सुटली होती, ती त्याने हातात धरली आणि तशीच सोडून दिली. चेहरा लाल. केळं दिलं, ते अर्धं खाऊन ओकला. मी आणि पुढचा लीडर बाजूला जाऊन बोललो. समोर तीन मार्ग होते.

एक, गाडी वेल्ह्याहून बोलवायची, मित्राबरोबर आमच्यापैकी एकाने थांबायचं. गाडीला तासभर लागला असता. पण उरलेल्या अकराजणांना एकट्या लीडरने तोरण्यावर न्यायचं का, हा प्रश्न होता. दोन, सगळ्यांनीच साडेतीनपर्यंत सावलीत थांबायचं. त्या दिवसांत सव्वासहाला सूर्य मावळतो. बुधल्यानंतरची वाट आणि वेल्ह्याचा उतार अंधारात करावा लागला असता. तीन, त्याची सॅक वाटून घ्यायची आणि हळूहळू पुढे जायचं.

आम्ही त्यालाच विचारलं, “जमेल ना?” तो म्हणाला, “जमेल.” आम्ही तिसरा मार्ग घेतला.

त्या प्रश्नावर मी नंतर खूप विचार केला. आपल्याकडे ट्रेकवर ‘जमेल ना?’ला दुसरं उत्तरच नसतं. माझ्यामुळे सगळ्यांचा ट्रेक मोडला, हे कुणालाच नको असतं, आणि तयारीच्या गड्याला तर मुळीच नको असतं. त्याहून गंभीर गोष्ट ही की ज्याचा मेंदू तापू लागला आहे त्याच माणसाला आम्ही त्याच्या मेंदूचा कौल विचारत होतो. ओकारी, अडखळणं, न बांधलेली नाडी, बोलकेपणा बंद. चार खुणा समोर होत्या आणि आम्ही त्या बाजूला ठेवून त्याचा शब्द धरला.

सॅक काढून घेण्याबद्दलही सांगायला हवं. ओझं कमी केलं म्हणजे काळजी घेतली, असं आम्हाला मनापासून वाटलं. एरवी कुणाला हात न लावू देणारा माणूस मुकाट्याने सॅक देतो, यातच उत्तर होतं. आज आमचा नियम असा आहे की ज्याची सॅक दुसऱ्याला घ्यावी लागली त्याचा चढ तिथे संपला.

कोसळणं

बारा पंचावन्नला निघालो. साधारण दीडला मित्राने मला विचारलं, “आपण पद्मावतीला किती वाजता पोहोचू?”

पद्मावती माची आम्ही सकाळीच मागे टाकली होती. मला वाटलं, नावात चुकला. मी म्हणालो, “पद्मावती नाही रे, बुधला,” आणि चालत राहिलो. त्याच क्षणी थांबायला हवं होतं. उन्हाने दमलेला माणूस आणि उष्माघाताचा माणूस यांच्यातली सीमारेषा नेमकी हीच असते. दमलेल्याला चक्कर येते, मळमळतं, डोकं दुखतं, गोळे येतात, पण तो कुठे आहे आणि कुणाशी बोलतो आहे हे त्याला कळत असतं. बोलण्यात असंबद्धपणा आला, झोकांड्या गेल्या, विनाकारण चिडचिड सुरू झाली की ते प्रकरण सावलीत बसवून सरबत देण्याचं राहत नाही.

एक पन्नासला तो वाट सोडून डावीकडच्या उतारावर गवतात शिरला. “इकडून जवळ आहे,” म्हणत होता. मी धावत जाऊन हात धरला तर त्याने झटकला. मग गुडघ्यांवर बसला आणि आडवा झाला. धारेवर हाच खरा धोका. दहा पावलं पुढे गेला असता तर हे लेखन वेगळं झालं असतं.

पहिली पंधरा मिनिटं वाया गेली

वाया गेली, असंच म्हणायला हवं. गटात तिघांची तीन मतं. एकाने अंगाला हात लावून सांगितलं, “घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही.” जुन्या पुस्तकी वर्णनात उष्माघाताची कातडी कोरडी असते, ते बरोबरच आहे, पण ते बहुतेक घरात उकाड्याने आजारी पडणाऱ्या वृद्धांबद्दल. श्रम करताना कोसळणाऱ्या तरुणाचं अंग ओलंचिंब असू शकतं. दुसऱ्याने काखेत थर्मामीटर लावला, तो १०२ फॅरनहाइट दाखवत होता. उष्माघाताची खूण मानतात ते १०४ नाही, मग साधा तापच असेल, असा सूर निघाला. काखेतला आकडा घामाने आणि वाऱ्याने खाली येतो. आतलं तापमान तो सांगत नाही. तिसऱ्याने पॅरासिटामॉल काढली. ही गोळी संसर्गाच्या तापावर चालते. उष्माघातात शरीराचा अंतर्गत थर्मोस्टॅट वर सरकलेला नसतो, त्यामुळे ती इथे उपयोगाची नाही आणि आधीच ताण सोसणाऱ्या यकृतावर तिचा भार पडतो.

एकजण तोंडाला सरबताची बाटली लावायला निघाला. ते मी अडवलं, आणि त्या पंधरा मिनिटांत माझं हे एकच काम बरोबर झालं. धड शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं.

कोणते मार्ग होते, काय केलं

वर तोरण्यावर नेणं बाद, कारण शिडी होती. हेलिकॉप्टरची गोष्ट एकाने काढली आणि तिथेच सोडून दिली. खरा पेच दोन गोष्टींत होता. लगेच उचलून खिंडीकडे पळायचं, की जागीच गार करायचं?

मनाचा ओढा पळण्याकडे होता. दवाखाना, सलाईन, डॉक्टर, आपल्याला वाचवणारं सगळं खाली असतं असंच वाटतं. पुढचा लीडर मात्र ठाम होता. त्याने प्रथमोपचाराच्या वर्गात एक वाक्य ऐकलं होतं, आधी गार करा, मग हलवा. उष्माघातात जितकी मिनिटं अंग तापलेलं राहतं तितकं मूत्रपिंडाचं, यकृताचं, मेंदूचं नुकसान वाढत जातं. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आणलं तर माणूस वाचण्याची शक्यता फार मोठी असते. उचलून उतरायला तास लागणार होता.

दोन वाजून पाच मिनिटांनी कामाला लागलो. कारवीच्या सावलीत त्याला कुशीवर घेतलं, बूट-मोजे काढले, टी-शर्ट कापला. सगळ्यांच्या बाटल्या एकत्र केल्या तर अकरा लिटर पाणी निघालं. त्यातलं तीन लिटर बाकीच्यांसाठी बाजूला ठेवलं. एका मुलीची सुती ओढणी आणि दोन पंचे भिजवून मान, काखा, जांघा, छाती यांवर टाकले. दर दोन-तीन मिनिटांनी ते बदलायचे, कारण अंगावर पडून राहिलेलं फडकं गरम होतं आणि मग उलट पांघरुणासारखं वागतं. चौघांनी पाळीपाळीने कॅरीमॅटने वारा घातला. आमच्या हातून झालेल्या कामांत सर्वांत मोलाचं हे. पाणी थोडं असेल तेव्हा वारा दुप्पट लागतो.

दोघं खिंडीकडे पळाले, तिथल्या एका घरी. त्या घरच्या मावशी आणि त्यांचा मुलगा यांनी काहीएक न विचारता दोन कळशा, घोंगडी आणि दोन बांबू दिले. मुलगा स्वतः कळशी डोक्यावर घेऊन त्या चढणीवर आमच्या पोरांच्या आधी पोहोचला. दरम्यान एकाच फोनला एक काडी रेंज होती. तिच्यावर १०८ लागला, रुग्णवाहिकेला खिंडीतला रस्ता सांगितला.

दोन पस्तीसला मित्राने स्वतःचं नाव सांगितलं. मी विचारलं, “कुठे आहेस?” थोडं थांबून म्हणाला, “तोरण्याच्या वाटेवर.” मग थरथरला, तेव्हा पाणी ओतणं थांबवलं.

दोन पन्नासला घोंगडीची झोळी बांबूला बांधून निघालो. आठजण आलटून पालटून खांदा देत होते आणि एकजण झोळीबरोबर चालत फडकं ओलं ठेवत होता. गटातल्या दोघांना, दिसतोय समोर गड म्हणून, पुढे जायचं होतं. पुढच्या लीडरने नाही म्हटलं. एक माणूस खाली आणि दोन वर, अशी विभागणी त्या दुपारी आम्हाला सांभाळता आली नसती. तीन पंचावन्नला खिंड, सव्वाचारला रुग्णवाहिका.

परिणाम

ग्रामीण रुग्णालयात पोहोचल्यावर ताप १०१.५ होता. म्हणजे धारेवर तो किती असेल याचा अंदाजच करायचा. तिथे सलाईन लावून पुण्याला पाठवलं. लघवी चहाच्या रंगाची होत होती. स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात उतरले की असं होतं आणि ते मूत्रपिंडात अडकतात. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं, यकृताचे आकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणखी चढले. त्याच्या आईला तो शुद्धीवर, बोलता दिसत होता, त्यामुळे डॉक्टर अजून का थांबवताहेत हे तिला कळेना. उष्माघाताचं नुकसान असं उशिरा दिसतं. म्हणूनच ‘आता बरं वाटतंय’ म्हणून अशा माणसाला थेट घरी नेऊ नये. पाचव्या दिवशी त्याला सोडलं. आकडे मूळपदावर यायला सहा आठवडे गेले. श्रमाचा व्यायाम त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन महिन्यांनी, थोडा थोडा करत सुरू केला. एकदा उष्माघात झालेल्याला पुढचे काही महिने तो पुन्हा होण्याचा धोका जास्त असतो, हे त्याला नीट समजावलं गेलं.

आज वेगळं काय करू

खिंडीसाठी वेळ आधीच ठरवायची. बारानंतर तिथे पोहोचलो तर तोरणा नाही. हे गाडीत बसतानाच सगळ्यांना सांगायचं, म्हणजे खिंडीत बसून त्यावर वाद होत नाही. गाडी वेल्ह्यात नाही, खिंडीत उभी राहील आणि चौदाजण पार होईपर्यंत हलणार नाही. एवढा एक बदल असता तर पहिला मार्ग आम्हाला इतका महाग वाटला नसता. शिवाय खिंडीजवळच्या त्या घरी पाण्याचा मोठा पिंप होता. मित्र तिथेच थांबला असता आणि तिथेच बिघडला असता, तर त्याला गळ्यापर्यंत पाण्यात बसवता आलं असतं. गार पाण्यात बुडवण्याइतका वेगवान उपाय दुसरा नाही.

‘जमेल ना?’ आम्ही सोडून दिलं आहे. त्याऐवजी माणसाला काम सांगतो. नाडी बांधून दाखव. गेल्या टप्प्यावर आपण काय खाल्लं सांग. शंभरातून सात वजा करत जा. चुकला तर चर्चा नाही. शेवटची लघवी कधी झाली आणि रंग कसा होता हेही विचारतो. पहिल्यांदा लोक लाजतात, दुसऱ्या ट्रेकला आपणहून सांगतात.

क्षारांची पाकिटं आता प्रत्येकाच्या वरच्या कप्प्यात असतात आणि मोठं पाकीट एक लिटरमध्येच कालवायचं, अर्ध्या बाटलीत नाही. टेट्रापॅकमधली गोड पेयं त्याची जागा घेत नाहीत. अर्जात तापाचा आणि गोळ्यांचा प्रश्न आला आहे. गेल्या हंगामात त्या प्रश्नामुळे दोघांनी स्वतःच नाव मागे घेतलं. रात्रभर प्रवास करून पहाटे चढाई हा प्रकार लांबच्या वाटांसाठी बंद केला. आदल्या रात्री गुंजवण्यात मुक्काम करतो. खर्च वाढतो आणि सुट्टीचा प्रश्न येतो, त्यामुळे काहीजण गळाले, हे खरं आहे.

एका गोष्टीवर आमच्यात अजून एकमत नाही. पुढच्या लीडरचं म्हणणं, ही वाट ऑक्टोबरात करायचीच नाही, डिसेंबर-जानेवारीत करावी. मला वाटतं की दहाच्या आत खिंड गाठता येत असेल, म्हणजे राजगडावर आदल्या दिवशीच मुक्काम असेल, तर ती ऑक्टोबरातही करता येते. मित्राला विचारलं तर तो कुणाचीच बाजू घेत नाही. दीडनंतरचं त्याला काही आठवत नाही. पद्मावतीचा प्रश्न आपण विचारला होता, हेही त्याला आमच्याकडूनच कळलं.

जानेवारीत आम्ही मावशींच्या कळशा आणि घोंगडी परत द्यायला गेलो. तो बरोबर होता, गाडीने. मावशींनी त्याला आधी ओळखलं नाही. मग मुलाने सांगितल्यावर त्यांनी त्याच्या कपाळावर तळहात टेकवून पाहिला, आणि आत जाऊन ताकाचा तांब्या घेऊन आल्या.